बेसिनखालचा पाईप

एकतीस वर्षं मी कॉलेजच्या लॅबमध्ये काच धुतली.
टेस्ट ट्यूब, बीकर, ब्युरेट,
क्रोमिक ॲसिडनं लख्ख करायचं
आणि उरलंसुरलं बेसिनमध्ये.
नळ सोडायचा. गेलं.
हा एक शब्द
दिवसाला दोनशे वेळा तरी म्हटला असेन.

मग यादगुडे मॅडम आल्या.
पहिल्याच आठवड्यात पदर खोचून
बेसिनखाली वाकल्या,
"भोपळेमामा, हा पाईप कुठं जातो?"
आता काय सांगायचं.
भिंतीत जातो की, मॅडम.
"आणि भिंतीतून?"

रविवारी त्यांच्या स्कूटरवर मागं बसून
मी पाईपाच्या मागोमाग गेलो.
कॉलेजमागची गटार,
तिथून जयंती नाला,
नाकाला रुमाल लावून पूल ओलांडला,
आणि पुढं पंचगंगा.
घाटापल्याड एकजण म्हशी धूत होता.
एक पोरगं सूर मारत होतं,
वर येऊन पचकन चूळ टाकत होतं,
माझ्या एकतीस वर्षांच्या "गेलं"मध्ये.
एका म्हशीनं मान वळवून
ओळखीचं असल्यासारखं बघितलं.
येताना मॅडमनी चहा विचारला.
नको म्हणालो.

सोमवारी फळ्यावर बारा नियम लागले, इंग्रजीत.
पहिला तेवढा त्यांनी मला मराठीत सांगितला:
घाण करून निस्तरत बसण्यापेक्षा
ती होऊच देऊ नये.
मी म्हणालो, हे आमच्या आईनं फुकट सांगितलं असतं.
"मग एकतीस वर्षं कुणी विचारलं नाही का तिला?"

ट्यूबभर लागायचं
ते पांढऱ्या टाईलच्या खळगीत दोन थेंबांवर आलं.
पिवळा तेवढाच पिवळा पडतो,
निळा तेवढाच निळा.
पोरं म्हणाली, मॅडम चिक्कू.
सडक्या अंड्याच्या वासाचं ते किपचं यंत्र
कपाटावर चढलं,
ब्रोमिनची बाटली मागवायची बंद झाली.
आणि प्रत्येक प्रयोगाखाली नवा हिशेब:
घातलं किती, त्यातलं कामाला आलं किती,
बाकीचं कुठं आहे.
या शेवटच्या रकान्यात
"गेलं" लिहिलेलं चालत नव्हतं.

एकदा डबा खाताना मी त्यांना आमच्या तात्यांचं सांगितलं.
तात्या गुळव्या. वडणग्याकडच्या गुऱ्हाळावर
काहिलीत रानभेंडीचा चीक सोडायचे,
मळी फेसासारखी वर यायची, झाऱ्यानं काढायची,
ती खताला. चिपाडं चुलवाणात.
वाया काय? नुसती वाफ.
मॅडमनी जेवता जेवता वही काढली.
थांबा, म्हटलं, पुढचं ऐका.
पेठेला पिवळाधमक गूळ पाहिजे झाला.
तात्या पुडीतली पांढरी पावडर टाकायला लागले,
हायड्रॉस, आधी चिमूट, मग मूठ.
पण पुडी फोडायच्या आधी
एक पातेलं रस बाजूला काढायचे. घरासाठी.
आमच्या घरचा गूळ काळपट,
बाजारातला सोन्यासारखा,
आणि काहील एकच.

मॅडमनी लिहायचं थांबवलं होतं.
डबा तसाच झाकून वर्गात गेल्या.
संध्याकाळी फळा पुसायला गेलो तर
बारा नियमांच्या खाली, कोपऱ्यात, मराठीत:
जे करताना घरच्यांसाठी वेगळं काढून ठेवावं लागतं,
ते.
वाक्य अर्धंच होतं.
तेवढं मी पुसलं नाही.

गेल्या मार्चमध्ये रिटायर झालो.
किल्ल्या देताना कपाटातली एक बाटली दाखवली.
क्रोमिक ॲसिड, नारिंगी-काळं, अर्धा लिटर,
बूच मेणानं बंद.
वापरायचं नाही ठरलंय.
ओतायचं नाही, हेही ठरलंय.
न्यायला गाडी येणार होती, पत्रं झाली, सह्या झाल्या.
ती आहे तिथंच आहे.

नव्या पोरानं विचारलं, हिचं करायचं काय?
मी म्हणालो, रोज बघायचं.